गोशिकिनुमा : गुडघ्यांना झेपेल अशी रपेट

भारतातून आई-वडील तीन महिन्यांसाठी जपानला आले की पहिला आठवडा उत्साहात जातो. आसाकुसा, उएनो पाहून होते. मग मुले-सुना कामावर आणि नातवंडे शाळेत गेली की ज्येष्ठ मंडळी फ्लॅटमध्ये अडकतात. घरी रोज सकाळी फिरायला जाणारे बाबा रस्ता चुकेल, भाषा येत नाही म्हणून जिना उतरत नाहीत. चालणे थांबले की गुडघे आखडतात, साखर वर सरकते.

त्यांच्यासाठी एक वाट सुचवावीशी वाटते. वार्षिक तपासणीत कंबर ८५ सेंटिमीटरच्या पुढे गेल्याने 'मेताबो' शेरा मिळालेल्या चिरंजीवांनीही सोबत जावे. फुकुशिमा प्रांतात बांदाई डोंगराच्या उत्तरेस गोशिकिनुमा, म्हणजे 'पाच रंगांची तळी' आहेत. नावात पाच असले तरी तळी बरीच आहेत. बिशामोन तळ्यापासून हिबारा सरोवराकाठच्या बसथांब्यापर्यंत पायवाट साडेतीन किलोमीटरहून थोडी अधिक. चढउतार किरकोळ. तरुणांना सव्वा तास पुरतो. आजी-आजोबांबरोबर दोन तास धरावेत. दोन्ही टोकांना बस मिळते, त्यामुळे आल्या वाटेने परतावे लागत नाही.

१५ जुलै १८८८ रोजी बांदाईचा स्फोट झाला, एक शिखर ढासळले आणि उत्तरेकडची गावे गाडली गेली. ४७७ माणसे दगावली. दगडमातीने ओढे-नद्या अडून ही तळी झाली. पाण्यात ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून कुठे निळा, कुठे हिरवट रंग दिसतो. 'आका' म्हणजे तांबड्या तळ्याच्या काठची लव्हाळी लोहामुळे तांबूस झाली आहेत. आणि नावे पाहा : बिशामोन म्हणजे आपला कुबेर, बेन्तेन म्हणजे सरस्वती! आईंना एवढे सांगितले की त्या गुडघे विसरून पुढच्या तळ्याकडे निघतात.

जपानी रेड क्रॉसचे युद्धाबाहेरील पहिले मदतकार्य याच स्फोटानंतर झाले. त्याचा स्मृतिस्तंभ बिशामोन तळ्याजवळ आहे. आजची दाट झाडीही आपोआप आलेली नाही. उजाड झालेल्या या जमिनीवर १९१० पासून एंदो गेन्मू या गृहस्थांनी पदरचे पैसे घालून लाखाच्या घरात झाडे लावली. त्यांची समाधी याच वाटेवर आहे. तिथे दोन मिनिटे थांबावे.

वाट सोपी असली तरी डांबरी नाही. मुळे, दगड आहेत, पावसानंतर घसरते. चपला नकोत, काठी असावी. गुडघे फारच दुखत असतील तर फक्त बिशामोन तळे पाहावे. ते वाहनतळाजवळच आहे आणि माझ्या मते सर्वांत देखणेही तेच. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. मधे दुकान नाही. अस्वलांचा भाग आहे, पिशवीला घंटी बांधावी. मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला, पुढे बर्फ.

'फुकुशिमा' म्हटले की भारतातून हमखास फोन येतो. २०११ च्या अपघातातील अणुवीज केंद्र इथून ८० किलोमीटरहून दूर, समुद्रकाठी आहे. हा भाग तेव्हाही रिकामा करावा लागला नव्हता.

आता खर्चाचे. पायवाटेला तिकीट नाही. पैसा जातो तो शिनकानसेनला. तोक्योहून कोरियामा सुमारे ऐंशी मिनिटे, तिथून साध्या गाडीने इनावाशिरो, पुढे अर्धा तास बस. देशभराचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये बराच महागला. एवढ्या एका फेरीसाठी तो परवडत नाही.

खरी जोखीम वेगळीच आहे. अल्प मुदतीच्या व्हिसावरील पाहुण्यांना इथला सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. पाय मुरगळला तरी एक्स-रेपासून सगळे बिल रोख भरावे लागते. म्हणून प्रवास विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा, अर्जात रक्तदाब-मधुमेह लपवू नये, आणि जुन्या आजारांबद्दलचे कलम मुलांनी स्वतः वाचावे. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. पॉलिसीची प्रत वडिलांच्या खिशात असू द्यावी.

आणि परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर टिपून घ्या. बस मोजक्याच असतात.