मोटारीचा गंजलेला तळ

आमच्या घरी 1978 सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. पहिली काही वर्षे ती मुंबईत काकांकडे होती, नंतर आमच्याकडे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आली. त्या काळच्या गाड्यांना आसनाचे सुरक्षापट्टे नसत. गाडी दुरुस्त करून पुन्हा वापरायची, तर आधी पट्टे बसवावेत असे मी ठरवले. पट्ट्याचे एक टोक तळाच्या पत्र्याला बोल्टने आवळावे लागते. त्यासाठी भोक पाडायला ड्रिल टेकवले आणि ते पापडातून जावे तसे आरपार गेले! जाजम उचलून पाहिले, तर चालकाच्या पायाखाली पत्रा कमी आणि गंज जास्त होता.

आता जरा गणित करू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने, जात आहे. ती कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मंदन येते 140 मीटर प्रति सेकंद वर्ग. माणसाचे वस्तुमान 60 किलोग्रॅम धरा. त्याला आसनावर धरून ठेवायला सरासरी 8400 न्यूटन बल लागेल. हे झाले साडेआठशे किलो वजनाएवढे, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पद्मिनीच्या वजनाइतके. यातला मोठा वाटा ज्या बोल्टवर येणार, तो गंजाच्या पापुद्र्यात बसवून कसे चालेल?

ओळखीच्या एका कारागिराने सोपा उपाय सुचवला : "वरून एक पत्रा ठोकू, डांबर फासू, झाले!" गंमत म्हणजे हा उपाय आमच्या गाडीवर पूर्वी एकदा झालेलाच होता. जुन्या तळावर कुणीतरी पत्र्याचे ठिगळ लावले होते. ते उचकटले, तर सर्वांत जास्त गंज नेमका त्याच्याखाली निघाला. हवेपासून झाकलेला पत्रा उघड्या पत्र्यापेक्षा जास्त गंजला! हे कसे झाले, ते तुम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येईल.

लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिशकागदाने घासून चकचकीत करा. मिठाच्या पाण्यात थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब मिसळा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे. या मिश्रणाचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवून वाट पाहा. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कुठेही उमटतील. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होईल, कडेला गुलाबी कडे दिसेल आणि दोहोंच्या मधोमध गंजाची तांबूस रेघ तयार होईल. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात हा प्रयोग प्रसिद्धीस आणला.

निळा रंग सांगतो, की तेथे लोखंड आयनांच्या रूपात विरघळत आहे. गुलाबी रंग सांगतो, की तेथे ऑक्सिजन व पाणी इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड आयन बनवीत आहेत. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून तेथे हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो. ऑक्सिजनच्या या फरकामुळेच एका थेंबात एक विद्युत्-घट तयार होतो. मध्य झाला धनाग्र, कड झाली ऋणाग्र, आणि इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच मधून कडेकडे वाहतात. ऑक्सिजन जिथे कमी, तिथले लोखंड झिजते!

ठिगळाखाली हेच घडले होते. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरले, ते वाळेना आणि आत ऑक्सिजनही पोचेना. बाहेरची कड ऋणाग्र झाली आणि आतला पत्रा झिजत राहिला. त्यात मुंबईच्या हवेतले मीठ. मीठ पाण्याची विद्युत्-वाहकता वाढवते, म्हणून हा घट जोमाने चालतो. शिवाय मीठ हवेतला ओलावा शोषून घेते. एरवी लोखंडाचे गंजणे साठेक टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत वेग घेते, मिठाच्या संगतीत ते त्याहून कोरड्या हवेतही चालू राहते. आमचे नगर पर्जन्यछायेत आहे. येथे मुंबईच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका पाऊस पडतो. पण गाडीने आपली मुंबईची हवा जाजमाखालच्या नमद्यात भरून आणली होती.

गंज फुगतो, हेही लक्षात घ्या. लोखंडाचा अणुभार 56 व घनता 7.9 आहे. गंजातल्या एका प्रमुख घटकाचा, म्हणजे एक लोह, दोन ऑक्सिजन व एक हायड्रोजन अणू असलेल्या संयुगाचा, रेणुभार 89 आणि घनता सुमारे 4.3. रेणुभाराला घनतेने भागा. लोखंडाचे उत्तर 7 घन सेंटिमीटर येईल आणि गंजाचे जवळजवळ 21. तिप्पट जागा! म्हणूनच दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला, की तो पाचरीसारखा सांधा उचकटतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते.

पण तळ म्हणजे काही नुसते पाय ठेवायचे फळकूट नव्हे. आमच्याकडच्या रणगाडा संग्रहालयात, जे 1994 मध्ये सुरू झाले, एक जुनी रोल्स-रॉईस चिलखती मोटार आहे. तिच्या खाली भक्कम पोलादी चौकट असून वरचा सांगाडा त्या चौकटीवर बसवलेला आहे. असली गाडी पूर्ण उघडली, तरी चौकट सरळच राहते. पद्मिनी ही फियाट 1100 ची वारसदार. त्या मालिकेत 1953 सालापासून अशी वेगळी चौकटच नाही. तळ, छत, खांब आणि दरवाज्याखालच्या पोकळ पेट्या यांचे पातळ पत्रे एकत्र जोडून झालेला डबा हीच तिची चौकट. बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकण चिकटवा आणि दोन्ही हातांनी पिळून पाहा. मग तळ कापून टाका आणि पुन्हा पिळा. फरक हातालाच कळेल.

कापलेल्या पत्र्याचा 10 सेंटिमीटर बाजूचा चौरस मी गंज खरवडून तराजूवर ठेवला. मूळची जाडी 1 मिलिमीटर धरली, तर वजन 79 ग्रॅम हवे होते. भरले 52. म्हणजे सरासरी जाडी उरली 0.66 मिलिमीटर. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. 0.66 चा घन करून पाहा. ताठपणा तीस टक्क्यांहूनही कमी उरला होता!

तेव्हा निरोगी पत्रा लागेपर्यंत सगळे कापून काढायचे आणि नवा जोडायचा, असे ठरले. वेल्डिंग अनुभवी कारागिराने केले. मोजमापे आणि लुडबूड माझी. बॅटरी काढली, तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी सोडवली, टाकीही उतरवून दूर नेली. गाडी चार घोड्यांवर ठेवली, तीही चाकांचे वजन जिथे येते तिथेच. दरवाज्याच्या चौकटीत आडवे पाइप तात्पुरते जोडले. कापण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिले. चौकट तिरकी झाली, की एक कर्ण वाढतो आणि दुसरा घटतो, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. कापल्यावर एका कर्णात तीन मिलिमीटरचा फरक पडला. जॅक हळूहळू उचलून तो काढला, तेव्हा कुठे पुढचे काम. एका वेळी एकच बाजू कापायची, हे वेगळे सांगायला नकोच.

नवा पत्रा साधा, जस्ताचा थर नसलेला घेतला. जस्त 907 अंशांना उकळते, तर लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. म्हणजे सांधा जुळण्याआधीच जस्ताची वाफ होणार. ती सांधा बिघडवते आणि तिच्या धुराने माणसाला थंडीताप भरतो.

नव्या पत्र्यात जुन्यासारख्याच उभ्या पन्हळी ठोकून घेतल्या. साध्या कागदाला घड्या घातल्या, की तो पट्टी पेलतो, तेच तत्त्व.

वेल्डिंग सुरू झाले आणि मला वाटले, एका कडेपासून सरळ रेघ ओढत जाईल. कारागिराने मात्र एक टाका इकडे, दुसरा पार तिकडे, मग दोहोंच्या मधोमध, असे सुरू केले. मध्येच थांबे, हात लावून पाही. का बरे? एक मीटर पोलाद 100 अंशांनी तापले, तर सुमारे 1.2 मिलिमीटर वाढते. टाक्याभोवतीचा पत्रा तर शेकडो अंशांनी तापतो. त्याला पसरायचे असते, पण भोवतालचा थंड पत्रा पसरू देत नाही, म्हणून तो तिथल्या तिथे दबून जाड होतो. थंड होताना आकसतो आणि आता शेजाऱ्यांना ओढतो. सलग रेघ ओढली असती, तर पत्र्याच्या लाटा झाल्या असत्या. वर्गात प्रसरणांक फळ्यावर लिहिताना हे उदाहरण मला इतकी वर्षे कसे सुचले नाही, कोण जाणे!

मधले सांधे टोकाला टोक भिडवून केले. कडेला मात्र मूळच्यासारखाच पत्र्यावर पत्रा येतो. तिथे आतल्या पृष्ठांना आधी जस्तयुक्त प्रायमर लावून फक्त वेल्डिंगची जागा मोकळी ठेवली, आणि नंतर फट सीलरने बुजवली. पट्ट्याच्या बोल्टखाली तीन मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पोलादी पट्टी आहे. बल तेच राहिले, पण ते मोठ्या क्षेत्रफळावर पसरले, म्हणजे दाब घटला. पेट्यांच्या पोकळीत मेण फवारले. तळाची पाणी निचऱ्याची भोके मात्र मुद्दाम उघडून साफ केली. मागच्या वेळी ठिगळ लावताना तीच डांबराने बुजवली होती.

शेवटी बादलीभर पाणी तळात ओतले. ते दोन मिनिटांत भोकांतून खाली गेले, पण मागच्या कोपऱ्यात एक थारोळे साचून राहिले. तिथे पत्रा किंचित खोलगट झाला आहे. त्या जागी आणखी एक भोक पाडायचे आहे. तोवर जाजम वळणीवरच राहील.