ई जीवनसत्त्व : कॅप्सूलमध्ये की ताटात?

केस गळू लागले किंवा चेहऱ्यावर डाग दिसले, की आजकाल पहिला सल्ला मिळतो तो ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा. कुणी ती फोडून तोंडाला लावते, कुणी रोज एक गिळते. पण हे जीवनसत्त्व शरीरात नेमके काय करते, आणि ते विकत घेण्याची गरज आहे का, याचा विचार फारसा होत नाही.

शोध आणि एक गैरसमज

सन १९२२ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे उंदरांवर प्रयोग करत होते. ठरावीक खुराकावर वाढवलेल्या माद्यांना गर्भ राहत असे, पण टिकत नसे. खुराकात हिरवा पाला दिल्यावर पिल्ले जन्मली. पुढे १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हा घटक वेगळा काढला गेला. त्याला 'टोकोफेरॉल' म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ अपत्यजन्माला आधार देणारा. मात्र नावावर जाऊन गरोदर सुनेला परस्पर कॅप्सूल देऊ नका. गरोदरपणात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या सरसकट देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही.

शरीरातले काम

डब्यातले तेल हवा आणि उजेड लागून खवट होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आपल्या पेशींची आवरणेही स्निग्ध पदार्थांचीच बनलेली असतात. शरीरात तयार होणारे 'मुक्त कण' त्यांनाही असेच खराब करू पाहतात. ई जीवनसत्त्व मध्ये उभे राहून तो मारा स्वतःवर घेते. दमलेल्या ई ला क जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावते. तांबड्या रक्तपेशी, मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती यांना या पहाऱ्याची गरज असते.

निरोगी माणसात याची कमतरता क्वचितच आढळते. ज्यांना यकृताच्या किंवा स्वादुपिंडाच्या आजारामुळे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत त्यांना, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ती होऊ शकते. मोठ्या माणसांत हातापायांना बधिरपणा येतो, चालताना तोल जातो.

आपल्या सोलापूरच्या ताटात

अमेरिकेतील मानकानुसार मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम ई पुरते. एक मोठा चमचा करडईच्या तेलात सुमारे साडेचार, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाच मिलिग्रॅम असते. मूठभर बदामांत सुमारे सात, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत दोनच्या थोडे वर. पालक आणि इतर पालेभाज्यांतूनही थोडे मिळते. करडई हे तर आपल्या कोरडवाहू रब्बीचे पीक. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी सहरीला घेतली, इफ्तारला चार बदाम आणि भाजी घेतली, तरी बरीच बेरीज होते. हे जीवनसत्त्व तेलात विरघळते, म्हणून भाजीला थोडी फोडणी हवीच.

एक काळजी मात्र घ्यावी. रमजानमध्ये भजी-समोसे तळलेले तेल कढईत राखून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तापवले जाते. वारंवार तापवलेल्या तेलातील ई नष्ट होत जाते. तेल लागेल तेवढेच आणावे आणि डबा झाकून अंधाऱ्या जागी ठेवावा.

कॅप्सूल घेण्यापूर्वी

काही कॅप्सूलवर ४०० हा आकडा असतो. एवढी मात्रा रोजच्या गरजेच्या कित्येक पट होते. सुमारे ३५ हजार पुरुषांवरील एका मोठ्या अभ्यासात रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या गटात प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्के अधिक आढळला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त मात्रेने रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. त्यामुळे घरातले बुजुर्ग रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असतील, तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल देऊ नये. त्वचेवर लावल्यास काहींना खाज आणि पुरळ येते. शिवाय कॅप्सूलचे मऊ कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ते कशापासून केले आहे, हेही विचारून घ्यावे.

डॉक्टरांनी तपासून दिली तर कॅप्सूल जरूर घ्यावी, ती औषध आहे. पण केस गळण्यामागे रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा त्रासही असू शकतो. त्याची तपासणी राहून जाते आणि कॅप्सूलवर पैसे खर्च होत राहतात. म्हणून बहिणींनो, आधी तपासणी करून घ्या. रोजच्या ई साठी शेंगदाण्यांचा डबा आणि करडईचे तेल घरात आहेच.