वृद्धनिवासांतील श्वसनविषाणूंचे उद्रेक : ज्वराभावामुळे होणारी फसगत

‘आजींना दोन दिवस अन्नावर वासना नाही, थोडे असंबद्ध बोलतात,’ ही तक्रार वृद्धाश्रमात रुग्णतपासणीस जाणाऱ्या वैद्यास नवी नाही. ज्वर नाही, कासही अल्प. तेव्हा अग्निमांद्य व जराजन्य वातप्रकोप समजून आपण दीपन-पाचन योजतो. बहुधा ते योग्य ठरते. परंतु श्वसनविषाणूंच्या उद्रेकाची पहिली खूण कित्येकदा हीच असते.

फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किंग काउंटीत एका शुश्रूषागृहात कोविड-१९चा उद्रेक उघडकीस आला. १८ मार्चपर्यंत त्याच्याशी निगडित १६७ बाधितांची नोंद झाली : १०१ निवासी, ५० आरोग्य कर्मचारी व १६ अभ्यागत. निवाशांपैकी ३४ जण दगावले. आजारी असूनही कामावर येणारे आणि एकाहून अधिक संस्थांत काम करणारे कर्मचारी हे प्रसाराचे एक कारण आढळले. त्याच काउंटीतील दुसऱ्या शुश्रूषागृहात ७६ निवाशांची तपासणी केली असता २३ जण बाधित निघाले. पैकी १३ जणांना त्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते. आठवडाभरात त्यांतील १० जणांत लक्षणे प्रकट झाली.

वार्धक्यात शरीराचे मूळ तापमानच कमी असते व संसर्गास मिळणारा प्रतिसादही मंदावतो. म्हणून अशा संस्थांतील वृद्धांत १०० अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक, किंवा नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांहून अधिक वाढ, हा ज्वर मानावा. इन्फ्लुएंझा व आरएसव्ही यांतही अरुची, भ्रम, अकस्मात दौर्बल्य वा तोल जाऊन पडणे एवढेच दिसू शकते.

संसर्गाची कल्पना आपणांस परकी नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन व सहशय्या ही संक्रमणाची द्वारे सांगितली आहेत. वृद्धाश्रमात ही सर्व द्वारे एकाच छपराखाली उघडी असतात.

व्यवहारात पुढील दक्षता घ्यावी. ७२ तासांच्या आत दोन निवाशांत नवी श्वसनलक्षणे दिसल्यास उद्रेकाची शंका घेऊन तत्काळ प्रयोगशालेय तपासणी करवावी व रुग्णांस वेगळे ठेवावे. इन्फ्लुएंझावरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयुक्त ठरते. म्हणून आधुनिक चिकित्सकाकडे पाठविण्यास विलंब नको. श्वासगती वाढलेली वा प्राणवायूची पातळी खालावलेली असल्यास रुग्णालयच श्रेयस्कर. निवासी व कर्मचारी या दोहोंच्या लसीकरणाचा आग्रह धरावा.

औषधी दुकानदारांचेही यात मोठे साहाय्य होऊ शकते. एकाच वृद्धाश्रमातून दोन-तीन दिवसांत कासौषधांची मागणी वाढली, तर ती वैद्याच्या कानी घालावी. सितोपलादि चूर्णात सुमारे अर्धा भाग खडीसाखर असते, हे मधुमेही वृद्धास देताना विसरू नये. यष्टिमधूच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे घेणाऱ्यांत विशेष जपावे.

अखेरीस, एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात जाणारे आपण स्वतःही संसर्गाचे वाहक होऊ शकतो. नाडीपरीक्षेपूर्वी व नंतर हस्तप्रक्षालन, उद्रेककाळी मुखपट्टी आणि स्वतःस प्रतिश्याय असल्यास भेट पुढे ढकलणे, हाही चिकित्सेचाच भाग होय.