पोलिसांच्या हेलिकॉप्टर पथकांचे स्मृतिबिल्ले

पोलिसाच्या बाहीवरचा कापडी बिल्ला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. हा गृहस्थ कोणत्या दलाचा, हे त्यावरून कळते. अमेरिकेत मात्र अशा बिल्ल्यांचा आणखी एक प्रकार आहे. तो ओळखीसाठी नसतो, आठवणीसाठी असतो. तेथील पोलिसांच्या हेलिकॉप्टर पथकांच्या अशा स्मृतिबिल्ल्यांविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

आधी ही पथके आली कशी ते पाहू. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९२९ साली विमानांचे पथक उभारले. पण विमानाला धावपट्टी लागते, आणि ते हवेत एका जागी काही थांबत नाही. १९४६ साली बेल-४७ या हेलिकॉप्टरला नागरी वापराची मान्यता मिळाली आणि १९४८ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांनी हेलिकॉप्टर घेतले. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे ते १९५६ साली आले. हरवलेल्याला शोधणे, पाण्यात सापडलेल्याला उचलून आणणे, रात्री पळणाऱ्या चोरावर प्रकाशझोत धरणे, अशी ही कामे.

काम आटोपले की आकाशात त्याची काही खूण राहते का? नाही. म्हणूनच पथकाला पंचवीस-पन्नास वर्षे झाली, किंवा जुने हेलिकॉप्टर सेवेतून काढले, की बिल्ला काढतात. जाड कापडावर यंत्राने भरतकाम करायचे आणि कडेने जाड दोऱ्याची गोट घालायची. मध्ये हेलिकॉप्टर, वर पथकाचे नाव, खाली साल.

शिक्षकबंधूंनी असा बिल्ला मुलांना कागदपत्रासारखा वाचायला शिकवावा. काचेच्या फुग्यासारखी बैठक आणि उघड्या सांगाड्याची शेपटी दिसली, की ते बेल-४७ समजावे. म्हणजे काळाचा अंदाज आला. पण एक सावधगिरी हवी. बिल्ल्यावरचे साल घटनेचे असते. बिल्ला त्याच साली भरला असेल असे नाही. संग्राहकांसाठी मागाहूनही बिल्ले निघतात.

काही बिल्ले मात्र दुःखाचे असतात. १२ ऑगस्ट २०१७ रोजी शार्लट्सव्हिल शहरात दंगल उसळली होती. तिच्यावर वरून नजर ठेवणारे व्हर्जिनिया राज्य पोलिसांचे हेलिकॉप्टर शहराजवळ कोसळले आणि आतले दोघेही गेले. असा सहकारी गेला, की तिकडचे पोलीस आपल्या धातूच्या बिल्ल्यावर काळी पट्टी चढवतात. ती काही दिवसांनी उतरते. स्मृतिबिल्ला तसा उतरत नाही. अशा बिल्ल्यावर बहुधा ‘पहारा संपला’ या अर्थाचे शब्द आणि तारीख भरलेली असते. पुष्कळदा विक्रीचे पैसे मृतांच्या घरच्यांना देतात. आपल्याकडे वेशीवर वीरगळ उभी असते ना, तिचेच काम तिकडे हा हातभर दोरा करतो. पुढे पथकात येणाऱ्या नव्या वैमानिकाला तो सांगतो, की या जागेवर तुझ्याआधी कोणीतरी बसले होते.