‘ठीक आहे ना?’ एवढेच विचारून चालणार नाही

संध्याकाळचा सराव संपत आलेला असतो. जिल्हा स्पर्धेला दोन आठवडे उरलेले असतात. स्पारिंग करताना सतरा वर्षांच्या मुलाच्या हनुवटीवर बाजूने जोरदार ठोसा बसतो. तो पडत नाही. क्षणभर अडखळतो आणि पुन्हा हात वर करतो. ‘काय रे, ठीक आहे ना?’ सर विचारतात. ‘हो सर!’ रात्री मात्र त्याचे डोके ठणकते, जेवण नको वाटते, दिव्याचा उजेड डोळ्यांना खुपतो. ऊन लागले असेल, असे तो घरी सांगतो. सरांना काहीच सांगत नाही, कारण सांगितले तर संघातले नाव जाईल.

मुष्टियुद्धाचा सराव चालतो अशा कोणत्याही ठिकाणी हा प्रसंग घडू शकतो. धोका म्हटले की आपल्याला स्पर्धेतली लढत आठवते. पण थोडा हिशेब करून पाहा. हौशी मुष्टियुद्धातली लढत साधारण तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. स्पर्धेत चार लढती खेळल्या तरी फेऱ्या होतात १२. समजा, तयारीच्या काळात हाच मुलगा आठवड्यातून तीन दिवस सहा-सहा फेऱ्या स्पारिंग करतो. आठ आठवड्यांत त्या होतात १४४. ठोसा सरावातला आहे की स्पर्धेतला, हे मेंदूला कळत नाही.

डोक्यात नेमके काय घडते?

कवटीच्या आत मेंदू द्रवात असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्यात फिरते आणि मेंदूतले लांब, नाजूक तंतू ताणले जातात. पेशींमधले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा समतोल पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. मेंदूला बसलेल्या या हादऱ्याला ‘कन्कशन’ म्हणतात. यात बिघाड मुख्यतः मेंदूच्या कामात असतो, म्हणून सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. बहुतेकांची शुद्धही हरपत नाही. त्यामुळे ‘पडला नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा समज चुकीचा आहे. मेंदू सावरण्याआधीच दुसरा मार बसला तर त्रास लांबतो. क्वचित, विशेषतः कमी वयात, मेंदूला सूज येऊन जीवही जाऊ शकतो.

हेडगार्ड घातले की डोके सुरक्षित, असेही नाही. त्याने जखमा आणि खरचटणे कमी होते, म्हणून सरावात ते घालावेच. पण डोक्याला बसणारा फिरकीचा झटका ते थांबवू शकत नाही. १९८४पासून ऑलिम्पिकमध्ये सक्तीचे असलेले हेडगार्ड २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या लढतींतून काढले गेले. त्यावरचा वाद अजून चालू आहे. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांमधली अडखळती चाल, जड जीभ आणि विस्मरण यांचे वर्णन अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच केले होते. हे नुकसान केवळ मोठ्या नॉकआउटने होत नाही, छोट्या-छोट्या ठोशांचीही बेरीज होत जाते.

वजन उतरवण्यासाठी पाणी तोडण्याची सवय यात भर घालते. शरीर कोरडे पडले की दम लवकर लागतो, हालचाली मंदावतात आणि ठोसा चुकवता येत नाही. शिवाय त्यानेही डोके दुखते, गरगरते. मग हे पाणी कमी पडल्याने झाले की ठोशाने, हे ओळखणे अवघड जाते. वजनगट काही महिने आधी ठरवावा आणि आहाराने हळूहळू त्यात यावे.

प्रशिक्षकांच्या हाती बरेच काही आहे. पूर्ण ताकदीचे स्पारिंग मोजकेच ठेवता येते. बाकीच्या दिवशी फक्त जॅब, फक्त अंगावरचे ठोसे किंवा हलक्या हाताने तंत्राचा सराव घेता येतो. जोडी लावताना वजनाबरोबर अनुभवही पाहावा. स्पर्धेच्या तोंडावर डोक्यावर जोरदार ठोसे नकोतच. आणि ‘ठीक आहे ना?’ याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी आता कितवी फेरी चालली होती, आज कोणता व्यायाम झाला, असे प्रश्न विचारावेत. तोल पाहावा. शंका आली तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा.

परत रिंगमध्ये कधी?

पहिले एक-दोन दिवस विश्रांती. घरातल्या घरात हिंडणे-फिरणे चालेल, मोबाइल कमी. मग चालणे किंवा सायकल, त्यानंतर दोरीवरच्या उड्या आणि शॅडो बॉक्सिंग, पुढे बॅग आणि पॅड. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यावा. त्रास वाढला तर एक पायरी मागे यावे. स्पारिंग मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. डोक्याला मार बसून नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही बंद, असा हौशी मुष्टियुद्धातला संकेत आहे. सरावात तसेच घडले तर तो तिथेही पाळायला हवा.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके, हातापायात अशक्तपणा किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर रात्र जाऊ देऊ नये, लगेच रुग्णालय गाठावे.

आपल्या त्या मुलाची जिल्हा स्पर्धा कदाचित हुकेल. पण वेळेत विश्रांती मिळाली तर बहुतेक मुले महिन्याभरात बरी होतात आणि स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. एकच हवे. ‘सर, डोकं दुखतंय’ असे सांगितल्यावर आपले नाव कायमचे कापले जाणार नाही, ही खात्री त्याला सरांनी पहिल्याच दिवशी द्यायला हवी.