पहिली पाळी, पत्रा खाता

सकाळी ७. रात्रपाळीकडून वही घेते आणि आधी पत्र्याच्या बंडलांपाशी जाते. आज अननसाच्या चकत्यांचे डबे. त्यांना आतून कथील जास्त लागते : दर चौरस मीटरला ११.२ ग्रॅम, बाहेरून २.८ पुरते. जाड बाजू ओळखू यावी म्हणून पत्र्याच्या एका अंगावर समांतर रेषा असतात. बाजू उलटली तर अख्खी खेप वाया. जाड म्हटले तरी हा थर जेमतेम दीड मायक्रॉनचा. कल्हईचेच हे कथील, फक्त इथे विजेने चढवलेले.

८.१५. कापणी. हातमोज्यांशिवाय पत्र्याला कोणी हात लावायचा नाही, यावर मी हटून बसते. घामातल्या मिठाने बोटाच्या ठशाचा गंज होतो. शिवाय पोलाद ज्या दिशेने लाटले, ती दिशा डब्याच्या घेराभोवती यायला हवी. उभी आली तर पुढे काठ बाहेर वळवताना तडा जाऊ शकतो.

१०. वेल्डिंग. पत्रा गोल वळतो, कडा मिलिमीटरहून कमी एकमेकींवर चढतात आणि तांब्याच्या तारेतून वीज जाते. मऊ कथिलामुळे वीज सांध्यातून सहज वाहते. क्रोमियमचा पत्रा स्वस्त असला तरी त्याचा थर खरवडल्याशिवाय तो इथे जुळत नाही. तार सतत पुढे सरकते, कारण वितळलेले कथील तिला चिकटते. सांध्यावर लगेच लॅकरची पट्टी.

११.३०. दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम. तळ बसलेला डबा कापून सीम, म्हणजे तळ आणि अंग यांचा दुमडलेला जोड, बघायचा. झाकण कॅनरीत बसेल, तळाची जबाबदारी आमची. सीममध्ये पत्र्याचे पाच पदर असतात, तीन तळाचे, दोन अंगाचे, मधल्या फटींत रबरी लेप. तळाच्या आणि अंगाच्या वळवलेल्या कडा, म्हणजे आकडे, एकमेकांत किती अडकले, ते मोजायचे. सीम वळवणाऱ्या मशीनच्या चार नंबरच्या हेडवर ही अडक कमी भरते आहे. मर्यादेत आहे, पण सकाळपासून घसरते आहे. मशीन थांबवायला सांगितले. ऑर्डर घाईची असली तरी बाहेरून असा डबा निर्दोषच दिसतो, आणि तो फुगल्याचे कळते ते खाणाऱ्याच्या घरी.

१ वाजता जेवण.

२. मोरचूद चाचणी. आम्लयुक्त मोरचुदाच्या पाण्यात तुकडा बुडवला की उघड्या पोलादावर तांबे बसते आणि ओरखडा लाल दिसतो. आज गाइडपाशी एक बारीक रेघ निघाली; गाइड घासून गुळगुळीत केला.

उघड्या हवेत ओरखडा पडला तर पोलाद गंजते. बंद डब्यात, हवा नसताना, फळांच्या आम्लात उलटे घडते : कथीलच हळूहळू झिजते आणि पोलादाला राखते. अननसाचा रंग आणि चवही त्याने टिकते. म्हणून अननसाच्या डब्याला आतून लॅकर नको. पण डबा फोडला की आत हवा शिरते आणि कथील भराभर विरघळते. उरलेल्या चकत्या दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा, हे मी भेटेल त्याला सांगते.

३.१५. तळ कापून उरलेली जाळी गठ्ठे बांधून भंगारात. चार नंबरचा रोलर बदलून झाला, पहिले डबे नीट आले. तरी एवढ्यावर भरवसा नको. दुसऱ्या पाळीने त्या हेडचा डबा दर अर्ध्या तासाला कापून बघावा, असे वहीत लिहून सही करते.