चाकाचा घेर व डिझेलचा हिशेब

चारकोप येथील आमच्या एका शेजाऱ्यांनी आपल्या बोलेरो गाडीस 215/75 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 मापाचे टायर बसविले. माळशेज घाटाने जुन्नरकडील शेतावर त्यांचे जाणेयेणे असते. लिटरमागे 12.5 किलोमीटर पडत, ते 11.5 पडू लागले म्हणून ते कष्टी झाले.

परंतु यांतील निम्मी तूट कागदावरचीच आहे. मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून हिशेब करतो, रस्ता मोजीत नाही. जुन्या चाकाचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर, नव्याचा 733. म्हणजे प्रत्येक फेऱ्यास चार टक्के वाट अधिक कापली जाते, व मीटर 96 दाखवितो तेव्हा 100 किलोमीटर झालेले असतात. मोजणीची 33 फुटी साखळी ताणून लांबली की शेत कागदावर लहान भरते, हे महसुली दप्तरात आयुष्य गेलेल्यास सांगावयास नको. तोच हा प्रकार.

उरलेली तूट मात्र खरी. मोठ्या चाकाने प्रत्येक गिअर किंचित वरचा झाल्यासारखा होतो. सपाटीवर इंजिनाचे फेरे कमी होतात. पण घाटात ओढ तितकीच घटते, व जेथे गाडी तिसऱ्यावर चढे तेथे दुसरा टाकावा लागतो. शिवाय टायर जड. मीटरवर 77 असता खरा वेग 80 असतो, हेही ध्यानात असावे. शंका असल्यास हमरस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावा. घाटातून माल आणणाऱ्याने मूळ मापच ठेवावे.